दुसरा उशीर

"लेकीचं नाव घ्यायचं नाय म्हनतेस, मंग सांगनार तरी काय त्यास्नी?" दाराशीच बसकण मारत म्हाळसाबाईंनी विचारलं.

करुणा मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवत होती. मेलेल्या माणसाचं नाव वर्गात घ्यायचं नसतं, असा नियम आहे, एवढंच ती म्हणाली. म्हाळसाबाईंना तो नियम काही पटला नाही. पण पहाटेच्या एसटीनं फर्दापूरहून हर्सूलला करुणाच्या घरी त्या भांडायला आल्या नव्हत्या. लेकीच्या, प्रांजलीच्या मरणाची हकीकत वर्गात मांडायला घरच्यांची परवानगी लागते म्हणून करुणा त्यांच्याकडं गेली, तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. तू सांगणार, तर मी ऐकणार. उशीर कुणाचा झाला, ते त्यांना ऐकायचं होतं.

करुणा फर्दापूरजवळच्या उपकेंद्रात नर्स. चाळिशी उलटल्यावर तिनं हे खूळ डोक्यात घेतलं होतं. सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण, तेही परदेशातल्या विद्यापीठाचं, दर रविवारी मोबाइलवर. पोरांच्या आधी आईचाच निकाल लागतोय, म्हणून नवरा राजेंद्र चिडवायचा, पण रविवारच्या भाकरी मुकाट्यानं त्यानंच अंगावर घेतल्या होत्या. वर्गात नेपाळ, केनिया, बांगलादेश, कुठकुठल्या बाया असायच्या. कुणाच्या मागं कोंबडं आरवायचं, कुणाच्या मागं लेकरू रडायचं.

आजचा धडा होता गरोदर आणि बाळंत बायांच्या मरणातल्या तीन उशिरांचा. घरात ठरवायला लागला तो पहिला, वाटेत झाला तो दुसरा, दवाखान्यात पोहोचल्यावर झाला तो तिसरा. प्रत्येकीनं आपल्या भागातलं एक मरण सांगायचं आणि उशीर कोणता ते ठरवायचं. करुणाला मरण शोधायला जावं लागलं नाही. ते तिच्या मनातच ठाण मांडून बसलं होतं.

प्रांजली पहिलटकरीण, माहेरी आलेली. आणि माहेर म्हणजे मेंढरांचा वाडा, आज या रानात तर उद्या त्या. वाडा हलायच्या आधी मला फोन करायचा, असं करुणानं तिला दहादा बजावलं होतं. गेल्या हिवाळ्यात एके दिवशी, दिवस मावळताना, तिच्या अंगावरून रक्त जायला लागलं. फोन आला आणि मध्येच तुटला, तशी करुणानं दवाखान्याची गाडी ठाऊक असलेल्या मुक्कामी, तलावाकाठी धाडली. वाडा त्याच सकाळी तिथून उठून टेकडीवर गेला होता. प्रांजलीनं पुन्हा फोन केला.

"सिस्टर, गाडीचा उजेड दिसतोय. पन ती खालीच फिरतीय."

तलावावरून टेकडीला नीट रस्ता नव्हता. लांबचा वळसा घालून गाडी वर पोहोचली, तोवर सगळं संपलं होतं. पोटातलं लेकरूही गेलं.

भुताखेतांना मानायचं नाही, हे करुणाच्या घरी बुद्धवंदनेच्या बरोबरीनं शिकवलं होतं. तरीपण गल्लीत एखादी गाडी वळली, तिचा उजेड भिंतीवरून फिरला, की तिच्या कानाशी कुणीतरी म्हणायचं, ती खालीच फिरतीय. भूत नाही म्हणावं, तर हे बोलत कोण होतं?

त्याच फोनवर प्रांजली आणखी एक बोलली होती. ते करुणानं राजेंद्रलासुद्धा सांगितलं नव्हतं. "सकाळीच फोन करनार व्हते. आई म्हनली, पोचल्यावर कर." म्हाळसाबाईंच्या घरात वाडा उठताना पुढचा मुक्काम कुणाला सांगत नसत. सांगितला की मेंढरांना नजर लागते, अशी सासऱ्यापासून चालत आलेली रीत.

करुणाची पाळी आली. इंग्रजीत अडखळत तिनं सगळं सांगितलं. फोनचं, रितीचं, आईचंही. आई समोर बसलेली आणि तिला न कळणाऱ्या भाषेत तिचीच गोष्ट चाललेली. करुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, मग उशीर कोणता? दुसरा, करुणा म्हणाली. बाईंनी आभार मानले आणि नेपाळची नर्स बोलायला लागली.

करुणानं मोबाइलचा आवाज बंद केला.

"काय निघालं?" म्हाळसाबाईंनी विचारलं.

"वाटेचा उशीर निघाला, मावशी."

म्हाळसाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "वाट तर म्याच बदलली. पोर फोन करते म्हनत व्हती. म्याच गप केलं तिला."

आता खोटं बोलणं करुणाच्या जिवावर आलं. "ठावं हाय मला. तिनंच सांगितलं व्हतं."

"तवापासनं ठावं हाय?"

"व्हय."

"आन तरी माझ्या हातचा चा पीत ऱ्हायलीस."

म्हाळसाबाई रडल्या नाहीत. आत राजेंद्र भाकरी थापत होता, तो आवाज त्या ऐकत बसल्या. मग त्यांनी हळूच विचारलं,

"शेवटाला माझ्यावर लई राग व्हता का तिचा?"

"नाय, मावशी. उजेड दिसतोय म्हनत व्हती."

त्यांनी मान हलवली. जेवायला बसल्या, अर्धी भाकरी खाल्ली. राजेंद्रनं त्यांना एसटीत बसवून दिलं.

पुढं पंधरवड्यानं, उपकेंद्रात लसीकरणाची गर्दी असताना, करुणाचा फोन वाजला. म्हाळसाबाई होत्या.

"सिस्टर, उद्या सकाळी वाडा उठतोय. लिंबाखालून गायरानात जातोय, तलावाच्या अंगाला. गाडी येती तिथवर."

वाड्यात आता म्हाळसाबाई आणि त्यांचा म्हातारा दीर कचरू, दोघंच उरले होते. बाळंत व्हायला कुणी नव्हतं. करुणानं हातातली सुई खाली ठेवली आणि गाडीवाल्याला पत्ता सांगतात तसं सगळं परत म्हणून दाखवलं. लिंबाखालून, गायरानात, तलावाच्या अंगाला.

"बराबर," म्हाळसाबाई म्हणाल्या, आणि फोन तसाच चालू ठेवून मेंढरांना हाका घालायला लागल्या.