अक्षरं त्याची, ऊब माझी

मी एक जुना इन्क्युबेटर आहे, मित्रांनो. म्हणजे जिवाणूंना ऊब देऊन वाढवणारं कपाट. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, बेसिनशेजारी उभा असतो. रंग उडालाय, दाराचं रबर सैल झालंय. पण कान अजून शाबूत आहेत.

जिवाणू डोळ्यांना दिसतही नाही, पण त्याच्या पोटात डीएनएच्या अक्षरांची लांबलचक माळ असते. माळेतला कोणता तुकडा कोणतं काम करतो, हे शोधणं हा आमच्या ताईंचा उद्योग. त्या एखादा तुकडा जिवाणूत घालायच्या, जिवाणूंच्या बश्या माझ्याकडे सोपवायच्या आणि सकाळी खांद्यावरची पर्सही न उतरवता आधी माझं दार उघडायच्या. "वा रे पठ्ठ्या!" म्हणायच्या. माझी छाती फुगायची.

मग समोरच्या टेबलावर कॉम्प्युटर आला. तो म्हणे नुसती अक्षरं वाचून त्यांचं काम सांगतो! झालं, सगळे त्याच्याभोवती. त्याला धूळ लागू नये म्हणून मऊ कापड, आणि माझ्या डोक्यावर रिकामी खोकी. त्याच्या पाठोपाठ एक चकचकीत नवा इन्क्युबेटरही आला. मी जळून खाक झालो. खोटं कशाला बोलू?

तेव्हा ताईंना असे जिवाणू हवे होते, जे पाण्यात शिसं असलं की निळे पडतील. कॉम्प्युटरने तुकडा सुचवला. ताईंनी तो जिवाणूंत घातला आणि शिसं मिसळलेल्या बश्या नव्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. सकाळी बघतात तर पांढऱ्याफटक! पुन्हा केलं, पुन्हा पांढऱ्या. "बरी जिरली त्या शहाण्याची!" मी मनात म्हटलं.

प्रयोगशाळेचे साहेब ताईंना म्हणाले, "आणखी एकदा फसलं, तर हे काम बंद." ताई बेसिनवर उगाचच हात धूत राहिल्या. त्यांचे डोळे पाहिले आणि माझा आनंद कडू झाला.

शेवटच्या खेपेला साफसफाईच्या मावशी म्हणाल्या, "ताई, नव्यात मुंगी शिरायला जागा नाही. म्हाताऱ्यात ठेवू?"

"ठेवा मावशी. आता काय फरक पडतो!"

सकाळी दार उघडलं, तर बश्या निळ्याशार!

"या भंगारात?" साहेब म्हणाले. "याला तर धड तापताही येत नाही!"

"तेच तर, साहेब!" ताई ओरडल्याच. "त्या नव्याच्या जास्त उबेत जिवाणू निळा रंग आणणारं प्रथिन घाईघाईने बनवत होते, ते चुरगळत होतं. याच्या मंद उबेत त्याची नीट घडी बसली."

"म्हणजे कॉम्प्युटर बरोबरच होता!" साहेबांनी टाळी दिली, आणि सगळे वळले पुन्हा त्याच्याकडे. अस्सा संताप आला मला!

वर कौतुक म्हणून साहेबांनी मला दुरुस्त करायला मेकॅनिक धाडला. त्याने पाना काढला तशा ताई धावत आल्या. "काका, हात लावू नका. हा मंद तापतो, तसाच हवाय मला." मग त्यांनी माझ्या डोक्यावरची खोकी स्वतः उतरवली.

मित्रांनो, कॉम्प्युटरचा हेवा गेला का विचाराल, तर छे! अजूनही जळतो. अक्षरं वाचणाऱ्याला मान द्या, जरूर द्या. पण ती अक्षरं ज्याच्या उबेत जिवंत होतात, त्याचं दार तेवढं हळू लावत जा.