हलका हात

दुसऱ्यांदाही सुई शिरेच्या बाजूने निघून गेली, तेव्हा आजी हळूच म्हणाल्या, "राहू दे गं सिस्टर. आज या पोरीला बघू दे."

पोर म्हणजे मेडिकलची विद्यार्थिनी. महिनाभर घरोघरी फिरून रुग्ण हाताळायला शिकावे म्हणून कॉलेजने तिला आरोग्य केंद्रात धाडले होते आणि केंद्राने सिस्टरच्या गळ्यात बांधले होते.

सिस्टरने आजींच्या डाव्या कोपरावर बराच वेळ कापूस दाबून धरला, मग चिकटपट्टी लावली. नऊ वर्षे आजींचे रक्त तपासणीसाठी तीच काढत होती. 'सिस्टरचा हात हलका' हे आजींचे वाक्य साऱ्या गल्लीच्या तोंडी होते.

मुलीने उजव्या दंडाला रबरी पट्टा बांधला, डोळे मिटले आणि बोटाने शीर चाचपली. डोळ्यांवर विसंबू नये, बोटाला विचारावे, हे तिला गेल्याच आठवड्यात सिस्टरने शिकवले होते. पहिल्याच फटक्यात नळी भरली.

"झालं पण? मुंगी चावल्याएवढंही कळलं नाही," आजी म्हणाल्या. "हात हलका आहे गं हिचा."

नऊ वर्षांचे वाक्य एका सुईत दुसरीच्या नावावर झाले.

"सिस्टरनीच शिकवलं, आजी."

"शिकवून सुई धरता येते, बाळ. हात उपजतच असावा लागतो."

मुलगी लाजली. तिने कापूस जेमतेम टेकवला, सोडून दिला आणि कॉलेजची नोंदवही पुढे केली. "सिस्टर, सही कराल?"

सिस्टरने कापसाकडे पाहिले. आजींना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. कापूस पाच मिनिटे दाबला नाही, तर उद्या कोपर काळेनिळे होणार. हे तिने मुलीला सांगितलेच नव्हते; इतकी वर्षे ते न बोलताच होत आले होते. पुढच्या आठवड्यात आजी आपण होऊन म्हणाल्या असत्या, नको बाई ती पोर. त्यासाठी करायचे काहीच नव्हते. सही करायची आणि निघायचे.

तिने पेन घेतले. नावाचे पहिले अक्षर उमटले.

मग पेन खाली ठेवून तिने कापसावर अंगठा दाबला. "गोळी चालू असली की पाच मिनिटं दाबायचं. घड्याळ बघ."

"लिहून घेऊ?"

"घे."

आजी मुलीला तिच्या आईबद्दल विचारू लागल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "आज जड लागतोय गं तुझा हात, सिस्टर."

"हो," सिस्टर म्हणाली. अंगठा तिने हलवला नाही. अजून तीन मिनिटे होती.