अर्जातून खोडलेलं कारण

तिरप्या उन्हात तरंगणारी शिंप्याच्या खडूची पांढरी धूळ, आणि त्या धुळीपलीकडे एका मुलीची कधीच स्थिर नसलेली टाच. रुक्मा आठवली की आधी हे दिसतं. तिचे वडील रामोजी गिऱ्हाइकाच्या अंगाभोवती फीत फिरवत आकडे पुकारत, छाती छत्तीस, खांदा साडेसतरा, आणि स्टुलावर बसलेली रुक्मा ते मापांच्या वहीत उतरवून घेई. पेन्सिल थांबे, टाच थांबत नसे. दसऱ्याआधीच्या दिवसांत म्हैसूरच्या हवेत गारवा नुकता उतरू लागे, दुकानात काळ्या कोटांची निश्चल रांग टांगलेली असे, आणि त्या शिवून शांत झालेल्या वस्तूंमध्ये ही मुलगी पाण्यावरच्या उजेडासारखी हलत राही.

मी जवळच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. सगळे मला मेष्ट्रे म्हणत. कानडीत मास्तरला तसंच म्हणतात. आमच्या मराठी शिंपी घरांचे इंग्रजी अर्ज मीच लिहून देई, आणि माझ्या इंग्रजीचा मला फार अभिमान होता.

रुक्माची अस्वस्थता त्या वहीतून आली होती. ती मागची पानं उलटून बघत असे. एका वीणावादकाची छाती एका दसऱ्याला छत्तीस होती, पुढच्या दसऱ्याला चौतीस.

"अप्पा, ह्यांचे दोन इंच कुठे गेले?" तिने त्यांच्यासमोरच विचारलं.

"दोन लेकी उजवल्या की गे त्यांनी," रामोजी दातांतल्या टाचण्यांआडून म्हणाले. "एकेक घेऊन गेली."

वीणावादक मनापासून हसले. पण माप संपल्यावर रामोजींनी त्यांना दाराशी नेलं आणि खांद्यावर हात ठेवून हलकेच सांगितलं, "कोट मागाहून शिवू, राव. आधी डॉक्टरांना छाती दाखवून या." पुढच्या दसऱ्याला ते आलेच नाहीत. त्यांच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर रुक्मा किती तरी वेळ बोट फिरवत बसली होती.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या अर्जात एक प्रश्न होता: डॉक्टर का व्हायचं आहे? तिने उत्तर स्वतःच लिहून आणलं. इंग्रजी अडखळतं होतं, अर्थ स्वच्छ होता. माझे वडील माणसाला हात लावून सांगतात की हा कमी होतो आहे. का कमी होतो ते त्यांना सांगता येत नाही. ते मला शोधायचं आहे.

"शिंप्याच्या फितीवर कोण जागा देईल तुला?" मी म्हणालो, आणि ते खोडलं.

त्या जागी मी एक मरण लिहिलं. रुक्मा आठ वर्षांची असताना तिचा तान्हा भाऊ घटसर्पाने गेला होता. मी लिहिलं की घरच्यांनी वेळ दवडला, उपचार उशिरा मिळाले, आणि त्या चिमुकल्या देहापाशी तिने शपथ घेतली. वस्तुतः रामोजी भर दुपारी, अनवाणी, पोराला छातीशी धरून इस्पितळात धावत गेले होते. मी त्यांच्या मागे होतो. उशीर झालेला नाही, असं डॉक्टरांनी माझ्यादेखत सांगितलं होतं.

"असं नाही झालं, मेष्ट्रे," रुक्मा म्हणाली.

"अर्जात असंच लिहितात. घरी कोण वाचणार आहे इंग्रजी?"

तिने सही केली. टेबलाखाली टाच हलत होती.

तिला जागा मिळाली ती दूर हुबळीला. आमच्या शिंपी समाजाने विठ्ठलमंदिरात सत्कार ठेवला तेव्हा ती तिकडे दाखल झाली होती, म्हणून शाल रामोजींनी स्वीकारली. आणि मी, टाळ्यांच्या लोभाने, तो परिच्छेद मराठीत करून सगळ्यांसमोर वाचला. बायकांनी डोळे पुसले. रामोजी मांडीवरच्या नारळाकडे बघत राहिले.

बाहेर चपला शोधताना ते माझ्याजवळ आले.

"सुम्ने विचारतो, मेष्ट्रे, उगीच. तुम्ही होता की माझ्यामागे. मी वेळ केला का?"

"नाही."

"मग रुक्माला तसं का वाटतं?"

मी लिहिलं, रामोजी. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "पोरांच्या मनात काय बसतं, कोण सांगणार."

"हौदू," ते म्हणाले. खरं आहे.

त्यानंतर ती सुटीत आली की ते तिच्याशी जपून बोलू लागले, पाहुण्यांशी बोलावं तसं. मापं स्वतःच्या हाताने लिहू लागले. "अप्पा मला वही का देत नाहीत?" तिने एकदा मला विचारलं. डॉक्टर मुलीला कसली कामं सांगायची, असं काहीसं मी बोललो. सत्कारानंतर सात वर्षांनी रामोजी वारले.

तेराव्याला कुणीतरी तिच्यापाशी त्या शपथेचं कौतुक केलं. ती सरळ माझ्या घरी, चामराजपुरमला, आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"अप्पांसमोर वाचलंत?"

मी होकारार्थी मान हलवली. पहिल्यांदाच मी तिला इतकी स्थिर पाहिली, पाय, बोटं, पापण्यासुद्धा, आणि त्या स्थिरतेची मला आजही भीती वाटते. ती पुन्हा माझ्या दारी आली नाही.

पुढे तिने म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोट्याला इस्पितळात आयुष्य घालवलं. लोक शपथेची गोष्ट सांगत राहिले; तिने ती कधी खोडली नाही. का, ते मला माहीत नाही. यंदा ती गेली, आणि समाजाच्या स्मरणिकेसाठी तीच गोष्ट लिहून द्या म्हणून दोन तरुण माझ्याकडे आले. त्यांना मी हे देतो आहे. रुक्मा भावाच्या मरणाने नव्हे, बापाच्या हातामुळे डॉक्टर झाली. हे ऐकण्याचा हक्क एकाच माणसाचा होता, आणि तो मंदिराबाहेर, एका पायात चप्पल घालून, माझ्या उत्तरासाठी क्षणभर थांबला होता. काळाने माझं बाकी सारं पुसट केलं, तो क्षण तेवढा अजून थांबलेलाच आहे.