प्रलंबित विषय क्रमांक एक

वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावर दर रविवारी सकाळी दहाला साहित्यचर्चा मंडळ भरतं. इमारतीला लिफ्ट नाही. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस; त्यामुळे पहिल्या पायरीपासूनच मला तिथे परकं वाटत होतं.

जायचं कारण एकच. चार वर्षांपूर्वी माझी बायको या मंडळात तीन रविवार गेली होती. ती शाळेचे गणवेश शिवायची आणि जेवताना, केस विंचरताना, मिळेल तिथे वाचायची. तिसऱ्या रविवारी घरी आली ती थेट मशीनवर बसली. मशीन चालत होतं, सुईत दोरा नव्हता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही हो. मला बोलता येत नाही, एवढं कळलं."

त्यानंतर तिने पुस्तक हातात धरलं नाही. मागच्या वर्षी ती वारली. मंडळात तिला कोण काय बोललं होतं, ते मला जाणून घ्यायचं होतं. जमलं तर त्या माणसाला चार शब्द सुनवायचेही होते. ते मी पाठ करून निघालो होतो. जिना चढेपर्यंत विसरलो.

खोलीत टेबल एक आणि पक्ष दोन. डावीकडे निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळे तळटीप म्हणत, कारण त्यांचं वाक्य संपलं असं वाटलं की ते खाली बारीक आवाजात पुन्हा सुरू व्हायचं. उजवीकडे डॉक्टरबाई. त्यांची डॉक्टरेट मौनावर होती, त्यामुळे त्या फार बोलत. दोघांच्या बाजूने दोन-दोन माणसं माना डोलवायला. मध्ये अध्यक्ष, आणि त्यांच्या कोपराशी वही घेऊन चिटणीस.

"आपण?" चिटणिसांनी विचारलं.

"लिफ्ट मेकॅनिक."

"तसं नाही. साहित्याबाबत आपली भूमिका काय?"

"बसू का?" मी म्हटलं.

त्यांनी वहीत लिहिलं, 'श्रोता एक'.

त्या दिवशीचा वाद एका अर्धविरामावर होता.

"तो अर्धविराम म्हणजे लेखकाचा पराभव आहे," तळटीप म्हणाले.

"पराभव वाचकाचा आहे. म्हणजे तुमचा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बाई, मी हे पुस्तक पहिल्या आवृत्तीत वाचलंय."

"तरीच. दुसऱ्या आवृत्तीत तो छपाईची चूक म्हणून काढलाय."

तळटीप पिशवीत पुस्तक शोधू लागले. तेवढ्यात कोणीतरी हळूच म्हणालं, "आवडलं."

बाईचा आवाज. ओठांत टाचण्या धरून बोलल्यासारखा. तोंडात टाचण्या धरून माझ्याशी बोलणारी जगात एकच बाई होती.

मी आजूबाजूला पाहिलं. कोणी दचकलेलं दिसेना. चिटणिसांनी पेनाला टोपण लावलं होतं.

"कोण बोललं?" मी विचारलं.

"त्या होय? त्या नेहमीच्याच. त्यांची नोंद करत नाही आम्ही, सभासद नाहीत त्या."

"त्या स्वरात उपरोध आहे," तळटीप म्हणाले.

"उपरोध नाही, नुसता पूर्णविराम आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. याही विषयावर दोन पक्ष पडलेले होते.

'कधीपासून येतात?' असं मी विचारलं, तेव्हा चिटणिसांनी वहीचं जुनं पान काढून वाचलं. "एका श्रोत्या बाईंनी 'आवडलं' असे मत मांडले. अध्यक्षांनी 'का?' असे विचारले. सभेत हशा. बाईंचे उत्तर आले नाही. प्रश्न पुढील सभेवर."

मंडळाचा नियम असा की, उत्तर न मिळालेला प्रश्न रद्द होत नाही. तो दर सभेच्या सुरुवातीला प्रलंबित विषयांत वाचायचा, आणि ज्याला विचारला त्याने हजर राहायचं. चार वर्षं हे चिटणीस दर रविवारी "का?" वाचत होते; आजचं वाचन मी येण्याआधीच उरकलं होतं.

"पहिली तीन वर्षं बाई गैरहजर होत्या, कारण कळवलं नाही," चिटणीस म्हणाले. "गेल्या वर्षापासून मात्र नियमित."

जन्मभर गणवेश शिवलेली बाई. नियम म्हटल्यावर येणारच.

मी उभा राहिलो. "ती माझी बायको आहे. तिला घरी सोडा."

"सोडू की," तळटीप म्हणाले. "आपण त्यांचे यजमान. आपणच सांगा, त्यांना ते पुस्तक का आवडलं?"

मला माहीत नव्हतं. पुस्तक कोणतं, हेसुद्धा मी तिला कधी विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

कोणीतरी हसलं. मोठ्याने नाही, नाकातून. त्या दिवशी हिने ऐकलं ते हेच असणार. माझे कान तापले. मी खुर्ची चाचपू लागलो.

"प्रश्न मी विचारला होता," अध्यक्ष म्हणाले. सकाळपासून ते पहिल्यांदाच बोलत होते. "विचारणाऱ्याला मागे घेता येतो ना?"

"येतो," चिटणीस म्हणाले. "कारण द्यावं लागतं."

"मी थट्टा केली नव्हती. मला खरंच जाणून घ्यायचं होतं." अध्यक्ष टेबलाकडे बघत राहिले. "मला एखादं पुस्तक आवडून तीस वर्षं झाली."

चिटणिसांनी लिहिलं, 'प्रश्न मागे. कारण वैयक्तिक.'

कोपऱ्यातली एक खुर्ची सरकली. दार किलकिलं झालं आणि पावलं जिना उतरू लागली, भराभर, गॅसवर दूध विसरून आल्यासारखी. तीच चाल. मी दाराकडे निघालो.

"श्रोत्यांनी सभा संपेपर्यंत बसायचं असतं," चिटणीस वहीतून डोकं वर न काढता म्हणाले.

सगळे चष्मे माझ्याकडे वळले. मी बसलो.

पावलं पहिल्या मजल्यावर थांबली. जरा वेळ थांबली, कोणाची वाट बघितल्यासारखी, आणि मग रस्त्याच्या आवाजात मिसळून गेली.

आभारप्रदर्शन तळटीपांकडे होतं. ते बराच वेळ चाललं.