शहाऐंशी पूर्णांक शून्य

मी एक वजनकाटा. लोखंडी पाट, वर पितळी दांडी आणि दांडीवर सरकणारे एक वजन, एवढाच माझा देह. माझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात, आणि तेच मला नेहमी खटकत आले आहे. मी वजन सांगतो. ते कशाचे आहे, हे मला सांगता येत नाही.

हा संशय मला जन्मापासूनचा नाही. तो मला उत्तर फ्रान्समधल्या रूबे गावच्या लोकर-तपासणी घराने शिकवला. लोकर हवेतले पाणी पिते, आणि रूबेच्या धुक्यात तर पोटभर पिते. त्यामुळे व्यापारी लोकरीची बांधीव गाठ माझ्यावर ठेवून आकडा बघत, पण त्यावर सौदा करत नसत. गाठीतली मूठभर लोकर भट्टीत सुकवून पुन्हा तोलली जाई, आणि मगच खरी लोकर किती अन् पाणी किती ते ठरे. हे काम बेचाळीस वर्षे फ्लोरिमाँ कास्तेलँ या गृहस्थाने केले. सुकवल्याशिवाय त्याने कधी कशावर सही केली नाही.

ओमेर वांडेवाल तेव्हा त्याच घरात गाठी वाहणारा हमाल होता. माझ्यावर गाठ टाकताना तो स्वतःही पाय टेकवून उभा राहायचा आणि फ्लोरिमाँ न बघताच म्हणायचा, "पाय काढ, ओमेर. तुझा भाव कुणी विचारला नाही."

पुढे भाव विचारला गेला. ते घर बंद झाले, मला मादाम ज़ेल्माच्या बिअरखान्यामागच्या मुष्टियुद्धाच्या सभागृहाने विकत घेतले, आणि माझ्याबरोबर निवृत्त फ्लोरिमाँही तिथे तोलणारा म्हणून आला. ओमेर तोवर मोठ्या वजनाच्या गटात लढू लागला होता. एकोणीसशे एकोणचाळीसच्या वसंतात त्याने प्रांताचे अजिंक्यपद घेतले. त्या सकाळी त्याचे वजन शहाऐंशी किलो भरले होते.

मग युद्ध आले. ओमेरची तुकडी डंकर्कजवळ पांगली आणि तो साध्या कपड्यांत पायी घरी परतला. वर्षभरात सभागृह पुन्हा उघडले. पहिल्या रांगेत जर्मन बसू लागले. गावात गुरांना घालायचे सलगम माणसे खाऊ लागली, आणि माझ्यावर चढणारे प्रत्येक शरीर मागच्या वेळेपेक्षा हलके होऊ लागले. मी मोजत राहिलो.

एक्केचाळीसच्या नोव्हेंबरात, सामन्याच्या सकाळी, सभागृहात कुणी यायच्या आत फ्लोरिमाँने ओमेरला उघड्या अंगाने तोलले. एक्याऐंशी पूर्णांक दोन. एकोणऐंशी किलोच्या खाली उतरणाऱ्याचे अजिंक्यपद काढून घ्यायचे, असा आमच्या प्रांतिक संघाचा नियम होता.

"अजून दोन किलो आहेत की," ओमेर म्हणाला.

"दोन किलो म्हणजे नाताळपर्यंत. खोटं अचानक बोललं की पकडलं जातं. बोलायचंच असेल तर आत्तापासून बोलायला लागू."

आमच्याकडचे कामगार कमरेला थंडी बाधू नये म्हणून फ्लॅनेलचा हातभर रुंद, लांबलचक कमरबंद गुंडाळतात. कोळशाअभावी सभागृह गारठलेले असल्याने तो घालून वजन द्यायची सर्वांना मुभा होती. गाठींना लावायचे शिशाचे जुने शिक्के फ्लोरिमाँच्या घरी पेटीभर पडले होते. त्याने ते ओळीने ओमेरच्या कमरबंदाच्या घड्यांत शिवले, आणि ओमेर पुन्हा माझ्यावर उभा राहिला. शहाऐंशी पूर्णांक शून्य. दुपारी प्रतिस्पर्ध्याच्या माणसांसमोर तोच आकडा मोठ्याने वाचला गेला.

लढताना कमरबंद उतरायचा, तरी कुणाच्या लक्षात आले नाही. सगळे वाळलेले असताना ऐंशी किलोचा माणूस डोंगरच दिसतो. शिवाय एकदा आकडा ऐकला की डोळे त्या आकड्याप्रमाणे बघतात. लोक सामना बघायला येत, तसेच युद्धाआधीचा एक अख्खा माणूस बघायलाही येत असावेत. हा माझा तर्क आहे, त्याला आधार नाही. घरी जाताना मात्र ते एकमेकांच्या कानाला लागत: हा जेवतो कुठे?

चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात जर्मन गेले आणि त्याच सभागृहात शत्रूच्या साथीदारांची चौकशी करणारी समिती बसली. अध्यक्ष होता लेआंद्र, रेल्वेतला सांधेवाला. ओमेरविरुद्ध तक्रार मादाम ज़ेल्माची होती. ती खरी ठरली तर तुरुंग अटळ होता.

"त्रेचाळीसचा जानेवारी," ज़ेल्मा म्हणाली. "माझ्या बाबांना मी ह्याच काट्यावर उभं केलं होतं. एक्केचाळीस किलो. पंधरा दिवसांनी गेले. त्याच आठवड्यात ह्याचं वजन झालं, वहीत बघा. शहाऐंशी. हवा खाऊन?"

"मी जर्मनांकडे जेवलो नाही," ओमेर म्हणाला.

"मग कुणाकडे जेवलास? पत्ता दे की. आम्हीही गेलो असतो."

लोक हसले, पण ते हसणे बरे नव्हते.

"ओमेर, बाबा रे, काहीतरी बोल," लेआंद्र म्हणाला. "गप्प बसला होता, एवढंच लिहू का मी?"

तो गप्प का होता ते मला ठाऊक होते. त्याच्यापाशी खरे म्हणून एकच वाक्य होते, आणि ते उच्चारताच अजिंक्यपद जाणार होते. दुसरे काही त्याने जन्मात मिळवले नव्हते.

शेवटी तो उठला. पिशवीतून कमरबंद काढून त्याने टेबलावर टाकला. टेबल दणकले. मग सदरा उतरवून तो माझ्यावर चढला. लेआंद्रने स्वतः दांडी जुळवली. सत्त्याहत्तर पूर्णांक चार. कमरबंद बांधून, पंच्याऐंशी पूर्णांक नऊ.

ज़ेल्मा डगमगली नाही. "आत्ता उतरला असशील. जर्मन गेले, ताट गेलं. आणि हे शिसं काल रात्री शिवलं नाहीस कशावरून?"

तिचा प्रश्न बिनतोड होता. तिच्या जागी मी असतो तर हेच विचारले असते.

तेव्हा मागच्या बाकावरून फ्लोरिमाँ पुढे आला. त्याने वजनाची वही उघडली. "नोव्हेंबर एक्केचाळीसपासून अकरा वजनं आहेत. वाच, लेआंद्र."

लेआंद्रने वाचले. शहाऐंशी पूर्णांक शून्य. पुन्हा तेच. अकराही वेळा तेच.

"मग? तब्येत राखली होती त्यानं," लेआंद्र म्हणाला.

"लोकरीची गाठ एका दिवसात तीनदा तोलली तर तीन आकडे येतात. बाहेर धुकं असतं, म्हणून. माणूस तर सूप पितो, घाम गाळतो. सव्वादोन वर्षांत अकरा वेळा, शंभर ग्रॅमचाही फरक न पडता, काय तेवढंच भरतं ठाऊक आहे? ज्याचं वजन कुणीतरी करून ठेवलेलं असतं, ते."

"कुणी करून ठेवलं?"

"मी. दर सामन्याच्या सकाळी जेवढे कमी तेवढे शिक्के. पंच्याऐंशी सहा, शहाऐंशी तीन, असं ठेवलं असतं तर खरं वाटलं असतं. तेवढं कळत होतं मला. पण हाताला बरोबर तोलायची सवय. हातानं ऐकलं नाही."

ज़ेल्माने वही ओढून घेऊन अकराही आकड्यांवरून बोट फिरवले. "का केलंत पण?"

"खरा आकडा लिहायचा नव्हता मला," तो म्हणाला. "दुसरं कारण नाही."

"बेचाळीस वर्षं गावानं तुमच्या सहीवर लोकर विकली, मोस्यो फ्लोरिमाँ."

"लोकर बरोबर तोलली होती."

"ते आता कसं ठरवायचं?"

त्याने वही मिटली. उत्तर माझ्यापाशी होते, पण काट्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नाही.

"म्हणजे हा उपाशी होता आणि तुम्ही खोटारडे," लेआंद्र म्हणाला.

"तसंच लिही."

ओमेर सुटला. महिन्याभरात संघाने अजिंक्यपद काढून घेतले. फ्लोरिमाँच्या हाती पुन्हा कुणी तोलायला काही दिले नाही. तीन वर्षांनी तो वारला, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत ओमेर होता. लोकर-तपासणी घरातले दुसरे कुणीही नव्हते.

आता समितीने न विचारलेली एक गोष्ट सांगतो. ओमेरचे उघड्या अंगाचे वजन प्रत्येक सकाळी माझ्यावरच झाले होते. बेचाळीसच्या नोव्हेंबरात ते अठ्ठ्याहत्तर पूर्णांक एक होते. त्रेचाळीसच्या जानेवारीत, ज्या आठवड्यात ज़ेल्माचे वडील एक्केचाळीस भरले त्याच आठवड्यात, ते ऐंशी पूर्णांक तीन झाले. दोन किलो दोनशे ग्रॅम वाढ. मार्चमध्ये शहात्तर पूर्णांक नऊ. जानेवारीत फ्लोरिमाँने दोनदा आकडा तपासला, ओमेरच्या तोंडाकडे बघितले, एक शब्दही न विचारता तेवढे शिक्के काढून घेतले आणि वही शहाऐंशीवर ठेवली.

ती वाढ कशाची होती? त्या हिवाळ्यात गावातल्या पुष्कळांचे पाय सुजले होते. उपासमारीत शरीर पाणी धरते, असे डॉक्टर सांगत. ते पाणी असेल. किंवा कुणाच्या तरी स्वयंपाकघरातले मांस असेल. लोकर असती तर मूठभर भट्टीत घालून निकाल लावता आला असता. माणसाचा असा नमुना काढता येत नाही.

आज मी बिअरखान्यामागच्या छपरीत आहे. ज़ेल्मा माझ्यावर कोळशाची पोती तोलते आणि पोते ओले आहे का ते आधी हाताने बघते. ओमेर गाडीवर कोळसा आणतो. पोती उतरवून झाली की कधीकधी तो स्वतः माझ्यावर उभा राहतो. त्याआधी, कुणी न सांगता, कमरबंद सोडून तो टेबलावर ठेवतो. आणि दर वेळी ज़ेल्मा तो उचलते, त्याची घडी न् घडी बोटांनी चाचपते आणि परत ठेवते.

तिला हसू नका. मला बोटे असती तर मीही तेच केले असते. तिला ज्याचा शोध आहे ते त्या कमरबंदात कधीच नव्हते, एवढेच तिला कुणीतरी सांगायला हवे. आणि ते सांगितल्यावर ती माझ्याकडे वळून पुढचा प्रश्न, त्या जानेवारीतल्या खऱ्या आकड्याचा, विचारील, या भीतीने माझी दांडी अजूनही थोडी थरथरते.