सात नंबरचे तीन सेकंद

"या बारा जणांत सगळ्यात ढ कोण?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती आणि भिंगरीने तो बेधडक विचारला. त्या दिवशी तिच्या वर्गाची सहल आमच्या कारखान्यात आली होती. कामाचे आकडे सांभाळणारे साहेब हसले आणि त्यांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

मित्रांनो, मी एक जुना यंत्रहात आहे. रोबो म्हणा हवं तर. पाण्याच्या पंपांची कवचं बनतात त्या लाइनवरच्या बारा यंत्रहातांत माझा नंबर सात. सहा नंबर सरकत्या पट्ट्यावर कवच ठेवतो, मी ते उचलून भोकं पाडायच्या मशीनमध्ये बसवतो. नवा होतो तेव्हा पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. आता नऊ वर्षांनी कोपरापाशी रंगाचे पोपडे निघालेत आणि जेवणाच्या सुट्टीत लोक माझ्या मनगटावर फडकी वाळत घालतात.

मग भिंतीवर मोठा पडदा लागला. आमच्या प्रत्येकाची वेळ, मोटरची उष्णता, थांबे, सगळं रोजच्या रोज त्यावर उमटू लागलं. सहा नंबर अकरा सेकंदांत काम उरकायचा, म्हणून तो हिरवा. मला चौदा लागायचे, म्हणून मी लाल. त्या तीन सेकंदांपायी मला शनिवारी भंगारात काढायचं ठरलं.

"नऊ वर्षांत याने एक कवच पाडलेलं नाही, सर," भिंगरीची आई म्हणाली. ती आमच्या लाइनची सुपरवायझर.

"मॅडम, पडद्यावर माया दिसत नाही," साहेब म्हणाले.

त्यांचंही चूक नव्हतं. मला माझी बाजू सांगता आली नसती. पडद्यावर कारणाचा रकानाच नव्हता.

सहलीच्या दिवशी सगळ्या मुली पुढे गेल्या, पण भिंगरी पडद्यासमोरून हलेना.

"चल गं," एक मैत्रीण म्हणाली. "तुला आकडे कधीपासून आवडायला लागले? गणितात बत्तीस पडलेत तुला."

"म्हणूनच तर. लाल रंग मला लांबूनही ओळखू येतो." मग ती साहेबांकडे वळली. "सर, मागच्या महिन्यात चार दिवस हा सात नंबर हिरवा कसा काय?"

"कुठे?"

"हे बघा ना, नऊ ते बारा तारीख. अकराच सेकंद लागलेत. आणि सहा नंबरचे नेमके तेच चार दिवस रिकामे आहेत."

साहेबांनी चष्मा वर सरकवला. भिंगरीचे बाबा इथेच फिटर आहेत, ते पान्हा पुसत जवळ आले. "सहाची मोटर बदलायला काढली होती तेव्हा. कवचं मीच हाताने ठेवत होतो."

"म्हणजे बाबा, तुम्ही सरळ ठेवत होतात. तो नाही ठेवत."

लाइन थांबवून बाबांनी सहाची पकड उघडली. आतलं रबर तळहातावर घेऊन म्हणाले, "साबणाची उरलेली चिपटी झालीय याची."

पकड निसटायची, कवच पट्ट्यावर तिरकं पडायचं आणि मी प्रत्येक कवच आधी सरळ करून मग बसवायचो. हेच माझे तीन सेकंद. सहाचा वेग त्याच्या ओळीत मोजला जात होता आणि त्याचा तिरकेपणा माझ्या ओळीत.

नवं रबर बसलं आणि दुसऱ्या दिवशी मी अकरावर आलो. साहेबांनी पडद्यावर एक ओळ वाढवली: कोण कोणामुळे थांबतो.

मित्रांनो, आमचं काम जरूर मोजा. मोजलं नसतं तर ते चार दिवस कुणाला सापडलेच नसते. पण एकाचा आकडा वाचताना त्याच्या आधीच्याचाही वाचा, आणि झिजलेली गोष्ट वेळेवर बदला.

शनिवारी भंगाराची गाडी आली नाही. भिंगरी मात्र आली, मी जागेवर आहे का ते बघायला. पाळी संपली होती, तिचे आई-बाबा घरी निघायच्या तयारीत होते. पुढच्या वर्षी गणित सोडण्याचा तिचा अर्ज आईच्या पिशवीत होता, फक्त बाबांची सही राहिली होती.

भिंगरीने माझ्या मनगटावरचं फडकं काढून घडी केली.

"बाबा, सही करू नका. मी गणित सोडत नाहीये."

"आणि ते बत्तीस?" बाबांनी विचारलं.

"माझ्या आधी कोण तिरकं ठेवतंय ते शोधलं मी. पाचवीतले अपूर्णांक आहेत. या सुट्टीत आधी तेच बदलणार."