आधी नळ, मग काठी

गल्लीत मुक्कामाला आलेल्या बाबांनी काठी आपटली आणि रस्त्यातल्या खड्ड्यातून बुडबुडे वर आले. बाटल्या, डबे, बादल्या घेऊन उभ्या असलेल्या गर्दीने हात जोडले. पाणी काठाशी चढलं तसे बाबा डोळे मिटून म्हणाले, "सात थर फोडून आलंय हे. गुडघ्याला लावा, पोटात घ्या. फक्त विचारू नका. विचारलं की आटतं."

न विचारण्याची सवय आमच्या गल्लीला होतीच. रस्ता खासगी, म्हणून पालिका तो दुरुस्त करत नाही. ताब्यात घ्या म्हणावं तर तिचा ठराव असा, की मालकांनी रस्ता आधी चांगला करून द्यावा, मग पालिका तो चांगला ठेवील. गल्लीवाले म्हणतात, आम्हीच चांगला केला तर पालिका हवी कशाला? या तुझं-माझं करण्यात खड्डा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरला.

आमचं घर खड्ड्याच्या पलीकडे. आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, आणि व्यायामासाठी तिला दवाखान्यात न्यायचं तर गाडी आत येत नाही. मी आणि दादा तिला खुर्चीसकट उचलून भिंतीलगतच्या उथळ कडेने नेतो. एकदा दादाचा पाय घसरला. आई थोडक्यात वाचली, पण पुन्हा पडली तर कायमची अंथरुणाला खिळेल, असं डॉक्टरांनी बजावलं.

असं असताना गल्लीच्या समितीने काय ठरवावं? खड्डा बुजवायचा नाही, त्याला कठडा बांधायचा. समितीचा चिटणीस आमचाच दादा. विटाही आल्या. मी शाळेत विज्ञान शिकवते. काही बोलले की तो म्हणे, हा तुझा वर्ग नाही. निम्म्या गल्लीची पोटं बिघडली, तर बाबा म्हणाले, दोष बाहेर पडतोय. मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी आईच बोलली. बाबांचा मुक्काम आमच्या समोरच्या घरात होता आणि तिथला अंगणातला नळ कायम उघडा असायचा. खिडकीशी बसून आईने ते हेरलं होतं. "आधी नळ फुसफुसतो, मग बाबा काठी आपटतात. उलटं झालेलं मी एकदाही पाहिलं नाही."

सकाळी तिने खुर्ची खड्ड्याशी न्यायला लावली. गुण घ्यायला आली असं समजून लोकांनी वाट दिली. पाणी आलं, बाटल्या भरल्या. बाबांनी ओंजळ पुढे केली तशी आई म्हणाली, "पाणी नको मला. नळ गेल्यावर एकदा काठी आपटा, तेवढं बघून जाते."

बाबा म्हणाले, वेळ शक्ती ठरवते.

"बसते मी. तसंही मला इथून कुठे जाता येतंय?"

मग गर्दीही हलेना. समोरचा नळ खोकला आणि बंद पडला. पाठोपाठ बुडबुडे थांबले, पाणी खाली जाऊ लागलं. बाबांनी काठी आपटली, पुन्हा आपटली. चिखल तेवढा त्यांच्याच कपड्यांवर उडाला.

मग मी सांगितलं. खाली पालिकेचा पाइप फुटलाय. पाणी सोडलं की ते दाबाने वर येतं आणि माती वाहून नेतं, म्हणून खड्डा वाढतो. पुरवठा थांबला की हेच घाण पाणी पाइपात परत शिरतं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या नळाला येतं. पोटं त्यानेच बिघडली. एका बाईने हातातली बाटली मुकाट्याने ओतून दिली. बाबा दुपारच्या आत पसार झाले.

पालिकेचे साहेब आले, खणलं, पाइप जोडला आणि निघाले. "पाइप आमचा, रस्ता तुमचा." मी म्हटलं, तुमच्या पाइपानेच आमचा रस्ता खाल्लाय. ते म्हणाले, वर विचारून सांगतो.

दादा कठड्याच्या विटा उचलून खड्ड्यात टाकायला लागला. मीही पदर खोचला. एक शेजारी खिडकीतून म्हणाला, ठरावाशिवाय हे चालणार नाही. बाबांना मात्र त्याने ठराव मागितला नव्हता.

विटा खुर्ची जाईल एवढ्या वाटेला पुरल्या. गाडी अजून आत येत नाही, साहेबांचं उत्तरही नाही. मंडळी, पाणी कुठून येतं ते पुढच्या बाबांना विचारा आणि खड्डा का बुजत नाही ते पालिकेला विचारा. विचारल्याने आटतं ते फक्त ढोंग. मी रोज पालिकेत जाऊन विचारते.